मामाची जागा

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे मुख्याध्यापक आदरणीय राजशेखर सर, व्यासपीठावरील संस्थेचे मान्यवर पदाधिकारी, सत्कारमूर्ती शिवकन्याबाई, समोर बसलेले पालक, माजी विद्यार्थी आणि शेवटच्या रांगेत चहाकडे डोळे लावून बसलेले माझे सहकारी शिक्षक, सगळ्यांना या अंबिकाचा मनापासून नमस्कार.

मी गणित शिकवते, म्हणून सरांनी बजावलंय, "बाई, मोजून पाच मिनिटं." सर, गणित माझं पक्कं आहे, पण घड्याळाशी माझं कधी पटलं नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

शिवकन्याबाई आज खेळाच्या शिक्षिका म्हणून निवृत्त होतायत. त्यांची शिट्टी, त्यांचा कबड्डीचा संघ, त्यांचा दरारा, हे सगळं आधीचे वक्ते बोलून गेले. मला बोलायचंय त्यांच्या रविवारांबद्दल. रविवारी ही बाई नांदेड सोडून कुठे गायब व्हायची, माहीत आहे का कुणाला?

सासूबाईंचं माहेर शोधायला!

हसू नका. पहिल्या रांगेत हिरव्या लुगड्यात बसल्यात ना, त्या रत्नम्मा, बाईंच्या सासूबाई. त्यांची आई सिद्धम्मा रझाकारांच्या धामधुमीत नवऱ्याबरोबर गाव सोडून पळाली. कडेवर ही तान्ही लेक. कुठून कुठे फिरत ते पार किनवटकडे, इस्लापूरला पोचले, आणि वर्ष-दीड वर्षातच तापाने दोघंही गेले. लेक धड बोलायला शिकली नव्हती, ती गावाचं नाव काय सांगणार? तिथल्या एका किराणा दुकानदाराने तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. तिच्याजवळ राहिलं काय, तर आईचं नाव आणि तिला मारलेली "अव्वा" ही हाक.

पुढे लग्न ठरलं. नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो आपल्याकडे. हिचा मामा कुठून आणायचा? ऐनवेळी गल्लीतल्या केरबाला फेटा बांधला आणि उभं केलं. रत्नम्मा आजही सांगतात, "केरबा लई चांगला माणूस गं. पण मला वळून बघावं वाटंना. वाटायचं, माझा मामा हाय का कुठं? का माझं कुणीच न्हाई?"

ऐंशीला टेकलेल्या बाईने हे सुनेला विचारावं, आणि सुनेने ते मनावर घ्यावं! माझ्या सुनेला मी माझ्या माहेराबद्दल काही विचारलं, तर ती मोबाइलवर एसटीचं वेळापत्रक दाखवते. असो.

"अव्वा" म्हणजे कानडी मुलूख, एवढ्यावर बाई निघाल्या. देगलूर, निलंगा, उदगीर. सिद्धम्मा या नावावरून लिंगायतांची घरं धुंडाळली, वंशावळी पाहिल्या. वंशावळीत काय असतं हो? बाप, त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे. लेकी कुठे असतात? मग बाई पारावरच्या पुरुषांना विचारायच्या, "त्या काळात इथून कोण पळालं?" उत्तर ठरलेलं, "बाई, निम्मं गाव पळालं की!" असे किती रविवार गेले, देव जाणे.

एकदा पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "दिल्या घरची लेक. तिला कोण ध्यानात ठेवतंय?" बाईंचं डोकंच फिरलं. सोमवारी स्टाफरूममध्ये आल्या त्या तणतणत, "अंबिका, मी रत्नम्मांच्या बाजूनेच शोधत राहिले. तिकडूनही कुणी शोधत असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही!"

पुढच्या रविवारपासून त्यांनी पार सोडला आणि थेट स्वयंपाकघरं गाठली. तिथे बायकांना एकच विचारायचं, "तुमच्यात न आलेल्या लेकीचा मान कुणी काढून ठेवतं का?"

आणि गेल्या महिन्यात उदगीरच्या पुढच्या एका गावात मंजुश्री नावाची सून भाकरी थापता थापता म्हणाली, "आमच्यात ठेवतात की. घरातलं कुठलंबी लग्न असू द्या, सिद्धम्मा आत्याचा खण-नारळ पाटावर ठेवल्याबिगर अक्षता पडत न्हाईत. धामधुमीत गेल्या म्हणे. तान्ही लेक होती कडेवर."

मैदानावर पोरांचे गुडघे फुटले तरी "उठ, खेळ" म्हणणारी ही बाई त्या चुलीपुढे ढसाढसा रडली.

मंजुश्रीचे सासरे रेवणप्पा म्हणजे सिद्धम्माच्या सख्ख्या भावाचा मुलगा. वडिलांनी जाताना त्यांना सांगितलं होतं, "माझ्या बहिणीचा मान बंद करू नका. ती न्हाई तर तिची लेक येईल."

रत्नम्मा, उठू नका! बसा. माझं अजून संपायचंय. तुमच्यापासून हे महिनाभर लपवलं, कारण रेवणप्पांनी हात जोडून सांगितलं होतं, "मी येईपर्यंत आक्काला सांगू नका. मान घेऊनच येतो."

तर ऐका. तुम्हाला मामा होता. तुमच्या लग्नात तो नव्हता, पण त्याच्या घरच्या एकाही लग्नात तुम्हाला कुणी विसरलं नाही.

शिवकन्याबाई, लोक पूर्वज शोधतात ते स्वतःचे. तुम्ही दुसऱ्या घरातून आलात आणि सासूच्या आईचं घर शोधून दिलंत. मला तुमचा फार अभिमान वाटतो, बाई. उद्यापासून स्टाफरूममध्ये भांडायला कुणी नसेल, याचं फार वाईटही वाटतं.

अध्यक्ष महोदय, शाल-श्रीफळ जरा थांबू द्या. रेवणप्पा सकाळच्या गाडीने आलेत, इतका वेळ दाराजवळ बसून होते. रेवणप्पा, या पुढे. नाही, खुर्ची नको. तो खण-नारळ घेऊन आक्कांच्या मागे उभे राहा. हां, तिथेच, मामाच्या जागी.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभार. वेळेचं गणित चुकलं, बोलताना कुणाला अधिकउणं लागलं असेल, तर पदरात घ्या.

रत्नम्मा, आता वळून बघा.