मागच्या सीटवर बसलेल्या बाईचा जबाब

मी मैमूना, नवऱ्याचे नाव सैदलवी, वय चोपन्न वर्षे, धंदा घरकाम, राहणार पुत्तलत्त घर, मशिदीमागे, पुळिक्कडवु, जिल्हा मलप्पुरम. आज रोजी ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून आणि काही ठिकाणी न विचारताही, सांगते की,

मी वरील ठिकाणी माझ्या पतींसह राहते. आम्हाला एक मुलगी आहे, ती लग्न होऊन तिरूरला असते. माझे पती जेद्दा येथे एका अरबाबाच्या, म्हणजे तिकडच्या मालकाच्या, घरी तीस वर्षे ड्रायव्हर होते. दोन वर्षांतून एकदा सुट्टीवर यायचे. गेल्या वर्षी ते कायमचे परत आले. तेव्हापासून त्यांना घरी करमत नाही. अंगणातल्या सुपारीच्या झाडांना दिवसातून तीनदा पाणी घालतात. झाडे कुजायला लागली तेव्हा मीच त्यांना म्हणाले, "काहीतरी धंदा काढा, नाहीतर बागेला तरी सोडा."

त्यावरून त्यांनी असे ठरवले की एक जुनी पण भारी गाडी घ्यायची आणि ड्रायव्हरसकट भाड्याने द्यायची. आमच्याकडे लग्नात नवरानवरीला आणायला, विमानतळावर पाहुण्यांना घ्यायला अशा गाड्या लागतात. चालवणार ते स्वतः. तिकडून आणलेली सगळी पुंजी तिच्यात जाणार असल्यामुळे गाडी चुकीची निघून चालणार नव्हते.

गाडी निवडण्याची त्यांची रीत लिहून घ्यावी, कारण सगळा घोळ तिच्यामुळे झाला. बाकीचे लोक पुढे बसून गाडी बघतात. माझ्या पतींचे म्हणणे असे की भाड्याची भारी गाडी मागे बसून निवडायची असते. पैसे देणारा मागे बसतो, इंजिनाशी त्याला काय देणेघेणे? पण ते स्वतः मागे बसले की त्यांचा पाय ब्रेक शोधत राहतो, बाकी काही सुचत नाही. म्हणून दर वेळी मला मागे बसवले. "मैमू, तू गिऱ्हाईक, मी ड्रायव्हर. मनात येईल ते बोल, भीडभाड ठेवू नकोस." बोलण्याच्या बाबतीत मला आजवर कोणी असा आग्रह केला नव्हता.

याआधी आम्ही तीन गाड्या बघितल्या. पांढरीत चढताना मला गुडघा हाताने उचलून आत घ्यावा लागला. लग्नातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे गुडघे माझ्यासारखेच असतात, म्हणून ती नको म्हणाले. चंदेरी गाडीत इतके अत्तर मारले होते की मी पायाखालची चटई उचलून बघितली. खाली सगळे ओले आणि कुबट होते. तिसरीच्या मागच्या काचा काळ्याकुट्ट. मी म्हणाले, "नवरीने एवढा साज केला तो कोणी बघायचाच नाही का?" विकणाऱ्याला राग आला. माझे पती मात्र खूश होते. त्यांच्या मते मी चांगले गिऱ्हाईक आहे.

आज सकाळी आम्ही कोळिकोडला, तक्रारदार शमीर याच्या दुकानी, चौथी गाडी बघायला गेलो. काळी, लांब, जर्मन बनावटीची. आधी कोणा डॉक्टरची होती असे शमीर म्हणाला. आमची जुनी जीप आणि पतींचे लायसन दुकानी ठेवून आम्ही तिघे फेरीला निघालो. शमीर पुढे बसून सारखा बोलत होता. सीट गरम कशी होते, सीट गार कशी होते, सीट पाठ कशी दाबते. मी विचारले, "स्वयंपाक करते का?" तेव्हा त्याने सीट सोडून एसीचे सांगायला घेतले. रामनाट्टुकराला त्याला फोन आला, दुसरे गिऱ्हाईक दुकानी आले होते. आमच्याकडे दादाला इक्का आणि ताईला इत्ता म्हणतात. तो तिथेच उतरला आणि म्हणाला, "इक्का, तुम्ही इत्तांना बायपासवर एक मोठी फेरी मारून आणा. घाई नाही." हे त्याच्या तक्रारीत नाही असे मला कळले. 'घाई नाही' हे त्याचे शब्द आहेत, ते जसेच्या तसे लिहावेत.

शमीर उतरला तेव्हा दुपारची बांग व्हायची होती. त्यानंतर मी पतींना म्हणाले, "एसी जरा कमी करा, आणि परत जाताना मत्ती मासे घ्यायला..." हे वाक्य मी पूर्ण केले की नाही ते सांगता येत नाही. मला झोप लागली.

यापुढे गाडी कुठे गेली, कुठे वळली, याबद्दल मला व्यक्तिशः काहीही माहिती नाही. हवालदार श्रीजा मॅडमनी विचारले, "इतका वेळ तुम्ही झोपला होतात?" मी हो म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारले. मी पुन्हा हो म्हणाले. त्या म्हणाल्या, असे कोणी झोपते का. म्हणून खालील मजकूर सांगावा लागत आहे.

मला झोप येत नाही. पती परदेशी असताना घरात मी, लहान मुलगी आणि सासूबाई अशा तिघी होतो. सासूबाईंचे पुढे वयामुळे भान गेले. आपला मुलगा आला असे वाटून त्या रात्री कडी काढून नदीच्या वाटेला लागायच्या. म्हणून मी त्यांच्या कापडाचे टोक माझ्या मनगटाला बांधून पडायची. त्या हलल्या की मी उठायची. अशी पुष्कळ वर्षे काढली. सासूबाई जाऊन आता तीन वर्षे झाली. मनगट मोकळे झाले, पण झोप काही परत आली नाही. डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, मशिदीतल्या उस्तादांचा ताईत झाला. नणंद चारचौघांत म्हणाली की हिला जिन्नाने धरले आहे. फोनवर मी पतींना नेहमी 'इकडे सगळं ठीक' असेच सांगत असे. परत आल्यावर त्यांना कळले. तेव्हापासून मी जागी असले की तेही जागे राहतात, आणि झोपलो आहोत असे दाखवतात. ते त्यांना अजिबात जमत नाही.

गाडी कशी सापडली ते मला पोलीस विनोद यांनी सांगितले, म्हणून हा भाग ऐकीव समजावा. गाडी परत येईना आणि पतींचा फोन बंद, म्हणून शमीरने तक्रार दिली. त्याच वेळी त्याच्या फोनवर टोल कापल्याचे संदेश येत होते. गाडी बायपासच्या एकाच टोलनाक्यावरून जात होती, परत येत होती, पुन्हा जात होती. विनोद यांचे म्हणणे असे की चोर एक तर पळून जातो नाहीतर पकडला जातो, असा ये-जा करणारा चोर त्यांनी बघितला नव्हता. ते नुसते नाक्यावर जाऊन उभे राहिले. गाडी आली. माझे पती इंजिन चालूच ठेवून खाली उतरले, दार आवाज न होऊ देता तळहाताने दाबून लावले आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "साहेब, हळू बोला. कुठं यायचं ते सांगा, मी तुमच्या जीपच्या मागनं येतो. फक्त सायरन नको." विनोद यांनी सायरन लावला नाही. ते चांगल्या घरचे आहेत.

ठाण्याच्या आवारात गाडी थांबली तेव्हा मी जागी झाले आणि विचारले, "मत्ती घेतली का?" समोर पोलीस होते.

त्यानंतर माझ्या समक्ष पतींनी ठाण्याच्या मोठ्या साहेबांना सांगितले की ते रस्ता चुकले. हे खोटे आहे. मी तिथल्या तिथे म्हणाले, "रस्ता चुकलात? तुम्ही? आणि बायपासवर?"

"तू गप्प बस, मैमू."

"सरळ रस्ता आहे तो! त्यात चुकायला काय आहे?"

ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "झोपेचं कशाला काढतेस इथं? कागदावर चढेल. आधीच तुझी नणंद काय काय बोलते. मी चुकलो म्हटलं की विषय संपला."

ज्या ड्रायव्हरला वाळूच्या वादळातसुद्धा वाट विचारावी लागली नाही, तो ठाण्यातल्या सगळ्यांसमोर रस्ता चुकलो म्हणून आपले नाक कापून घेत होता. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त माया आली. पोलिसांनी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवले, तिथे मी त्यांना खरे विचारले. ते म्हणाले, "मागं माणूस झोपलं की ड्रायव्हरनं थांबायचं नसतं. थांबलं की जाग येते. अरबाबाची आई झोपली की तिलाही मी असाच फिरवायचो." बायपास नवा आहे, त्यावर खड्डा नाही की उंचवटा नाही. म्हणून ते तोच रस्ता पुन्हा पुन्हा करत होते. शमीरचा फोन वाजून मी उठेन म्हणून फोन बंद केला. दुपारची नमाजही चुकली, ती आत्ता ठाण्याच्या व्हरांड्यात त्यांनी भरून काढली. मी विचारले, "आणि तुम्हाला कसं कळलं मी झोपले ते?" ते म्हणाले, "तू बोलायची थांबलीस."

तक्रारदार शमीर हा वरील हकिगत ऐकत दारात उभा होता. तो म्हणाला, "इत्ता, मला काय माहीत हो! फोन लागेना, मला वाटलं गाडी गेलीच." त्याची भीती खोटी नव्हती, त्याच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. टोल आणि डिझेल आम्ही भरून देऊ. मग त्याने विचारले, गाडी कशी वाटली? मी त्याला सांगितले की गाडीबद्दल मला काही सांगता येणार नाही, मी बघितलीच नाही. त्यावर माझे पती, पोलिसांनी बसवलेल्या बाकावरूनच, म्हणाले, "हीच घ्यायची." मी म्हणाले, "आधी इथून सुटा, मग भाव करा." शमीर सध्या तक्रार मागे घेण्याबद्दल साहेबांशी बोलत आहे.

मला विचारण्यात आले की पतींनी मला माझ्या इच्छेविरुद्ध किंवा मला न सांगता कोठे नेले काय. त्यावर माझे उत्तर पुढीलप्रमाणे. आमच्या लग्नाला चौतीस वर्षे झाली. या काळात माझ्या पतींनी अरबाबाला, त्याच्या बायकोला, मुलांना आणि आईला समुद्रावर नेले, ताईफच्या डोंगरावर नेले, कुठे कुठे नेले. मला त्यांनी आजपर्यंत कुठेही फिरायला नेलेले नाही. वेळच मिळाला नाही. आज पहिल्यांदा नेले, आणि मी झोपून गेले.

तरी त्यांना सोडावे. मला तो रस्ता अजून बघायचा आहे.

हा जबाब श्रीजा मॅडमनी मला सावकाश वाचून दाखवला. ऐकताना मी पूर्ण जागी होते. मी बोलले तेच त्यात आहे आणि ते खरे आहे, म्हणून खाली सही करते.