खाली बघायचं नाही

तुम्ही आता हसताय, पण त्या दिवशी पेणच्या कोर्टात हसायची सोय नव्हती. आमचा संजूदादा, जोहे गावचा गणपतीचा मूर्तिकार, आरोपीच्या पिंजऱ्यात उभा. शेजाऱ्याच्या डोक्यात फळी घातल्याची केस. त्यानं घातली नव्हती, पण शिक्षा लागली असती तर ऐन सीझनला कारखान्याला कुलूप.

वकीलकाकांनी बाहेरच बजावलं होतं, "मध्ये बोलायचं नाय. आणि खाली बघू नकोस, खाली बघणारा गुन्हेगार वाटतो. जजमॅडमच्या तोंडाकडं सरळ बघ."

दादा बघत राहिला. शेजाऱ्याची साक्ष चालू असताना मॅडमनी एकदम हात वर करून साक्ष थांबवली आणि दादाकडं वळल्या.

"आरोपी, तुम्ही मला डोळा मारताय?"

पोलीस पिंजऱ्याजवळ सरकला. वकीलकाकांनी डोळेच मिटले.

"नाय नाय मॅडम!" दादा घाईघाईनं म्हणाला. "मी गणपतीचे डोळे आखतो. आपला एक मिटल्याशिवाय समोरचे दोन्ही एका रेषेत हायत का ते कळत नाय. सवयीनं मिटला."

मॅडम पुढं वाकल्या. "मग? आहेत का एका रेषेत?"

मी मनात म्हटलं, दादा, हो म्हण. नुसतं हो म्हण.

"डोळे हायत मॅडम. चष्मा डावीकडं उतरलाय."

मॅडमनी चष्मा सरळ केला आणि पुढची तारीख दिली.

बाहेर येताच वकीलकाकांनी दादाचा दंड धरला. "पुढच्या टायमाला खालीच बघ. गुन्हेगार वाटलास तरी चालेल!"