खांदे नसलेला झगा

...आता मला सांगा, ज्या कपड्याला खांदेच नाय, तो अडकणार कशावर? मी नामा शिंपी, खोपोलीच्या बाजारात बारा वर्सं मशीन चालवतोय, सदरे, लेंगे, खाकी चड्ड्या... मी एवढंच विचारलं, तर चुकलं माझं? आणि आमची मंडळी, चंद्राबाई, जी तवर नुसती काजं-बटणं करायची, ती म्हणते, "द्या इकडं."

झालं असं, सन शेचाळीसात वीजघराच्या बंगल्यातली इंजिनेरसाहेबाची मडम दुकानात आली. हातात विलायती मासिकाचं पान, त्यावर एक बाई, खांदे उघडे, खाली पायघोळ झगा. "दर्जी, ऐसाच मांगता. शनिवारको क्लबमें नाच है." कापड म्हणाल तर निळं साटीन, सहा वार, रेशनचे दिवस, कात्री चुकली की संपलं. मी हात जोडले. तर मागून ही, पदर सावरत, "मडम, शुक्रवारी न्या." अवो, मला विचारायचं तरी...

"अगं, हे अडकणार कशावर?"

"चोळी कशानं ऱ्हाते वो अंगावर? गाठीनंच ना?"

मग हिनं माझी छत्री उघडली, भर दुकानात, आणि तिच्या पाकळ्या मोजत बसली. म्हणाली, तशाच वर निमुळत्या, खाली रुंद कळ्या कापल्या की घेर बी येतो आन् कापड बी पुरतं. टेप घेतलाच नाय. मडमेला आमच्या चुलीपुढं उभी केली आणि लुगडं नेसवावं तसं कापड थेट अंगावर टाचलं. तोंडात टाचण्या, त्यातनंच "हलू नगा" म्हणायची, आणि ती गोरी बाई हलायची नाय. वाडीवर टोपल्या विणणाऱ्या आवडीकडनं बांबूच्या कामट्या सोलून आणल्या, टोपलीला लागतात तसल्या, पण दोऱ्यासारख्या बारीक, आणि छातीच्या अस्तरात उभ्या शिवल्या, म्हंजे झगा आपल्या ताठपणानं वर ऱ्हातो.

शनिवारी दिवेलागणीला आमी दोघं क्लबाच्या कुंपणाबाहेर. आत बाजा सुरू, मडम गिरक्या घेतेय, मी डोळे मिटलेले... झगा खाली आला तर उद्या दुकानाला कुलूप, खोपोलीत तोंड दाखवायला जागा नाय. "डोळे उघडा," ही म्हणाली, "मला एकटीला बघवत नाय." माझी बाही तिनं घट्ट मुठीत धरली होती, तुमाला सांगतो, तोवर मला वाटायचं ही कशालाच भीत नाय. मी डोळे उघडले. झगा जागचा हलला नव्हता. सगळ्या मडमा नाच सोडून त्या झग्याभवती गोळा झालेल्या.

पुढं काय विचारता... खंडाळ्याची पारशीण आली, माथेरानच्या दोघी आल्या, मग मुंबईच्या फोर्टातल्या मोठ्या दुकानाचं पत्र आलं, आमच्यासाठी झगे शिवा म्हणून. अठ्ठेचाळीसात तिथल्या हॉटेलात हिचे बारा झगे बायकांनी घालून चालून दाखवले, एकाला बी खांदे नाय, आणि एक बी पडला नाय. शेवटी हिला पुढं बोलावलं. नऊवारी लुगडं, गळ्यात टेप, पायात काय नाय... सगळा हॉल उभा ऱ्हायला. हिनं आधी समोरच्या झग्याची सुटलेली दोरी बांधली, मग नमस्कार केला.

मी मागं, इस्त्रीजवळ. एका बाईनं हिला विचारलं, "आणि हे कोण?"

ही वळली, माझ्याकडं बघून गोड हसली, आणि म्हणाली, "हे व्हय? हात चांगला हाय त्यांचा... शिकतायत अजून."

शिकतोय बाबांनो.