शेवटल्या वेच्यापर्यंत मौन

—नुसती मान नका हालवू, आधी पागोटं सरळ करा. डाव्या कानावर आलं पाहा ते. लोहाऱ्याचे पाव्हणे बंडीतून उतरल्यावर पहिलं काय पाहतीन? पोरीच्या बापाचं डोकं. अन् दुसरं? बापाचं तोंडच उघडत नाही! मंग आमच्या कोकिळेकडे पाहाची पाळीच कायले येते? मी काय सांगू त्याहिले? का बापा, आमच्या धन्याले खेमसिंग महाराजानं मौन देल्लं हाय, सीतादह्यापासून तं शेवटल्या वेच्यापर्यंत — पहिला वेचा निंगाला, वावरात पऱ्हाटीपुढं दहीभाताचा निवद ठेवला, त्या दिवशी जे तोंड मिटलं ते आज माघ सरत आला तरी मिटलेलंच हाय. वावरातला शेवटला कापूस घरी येईन तवा उघडन. पाटी नाही, पेन्सील नाही, मान हालवाची तेवढी मुभा. मोठे कडक महाराज!

बरे भेटले तुमाले. तुमचे भाऊ ओरडले का कुणब्याच्या माणसानं बंजाऱ्याच्या तांड्यावरचा गुरू कायले केला — त्याचं मी काही म्हणत नाही, गुरू कुठीबी भेटो. पण तिथं जाऊन तुमी केलं काय? सहा महिने शेण काढलं! घरी कवा शेणाचं टोपलं उचललं नाही, मी बाळंतीण होती तवाबी नाही — अन् तिथं चाळीस गाईचं शेण काढून गवऱ्या थापल्या. मंग सहा महिने पाणी भरलं. वरीस झाल्यावर मंत्र मागाले गेले, तं महाराज काय म्हणे? ‘मंत्र ठेवू कुठं बापू, तुयं तोंड तं पहिलेच भरलेलं हाय.’ वा! एवढं पाहाले त्याहिले वरीस लागलं. मले इचारलं असतं तं लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगतलं असतं म्या.

काय भरलेलं होतं ते साऱ्या बोरी गावाले ठाऊक हाय. बैलाले शिवी, गड्याले शिवी, आभाळालेबी शिवी. आता बैलं चार पावलं चालते अन् थांबून मागं पाहते — धनी जिता हाय का नाही म्हणून. हासू नका. कापूस वेचणाऱ्या बायाहिले तं तुमचं वावर म्हटलं का आंगावर काटा. जमनाबाईच्या कमरेच्या ओटीतल्या कापसात वाळली पत्ती निंगाली म्हणून तुमी तिले जे म्हटलं, ते आज पोरीच्या चांगल्या कामाच्या दिवशी मी तोंडानं नाही काढत. तीन साल ती आपल्या वावराच्या धुऱ्यावर चढली नाही. अन् नवे पैसे निंगाले त्या साली घाटंजीचे पाव्हणे आल्ते — ध्यानात हाय ना? पोरगा मास्तर, पसंती झालेली, ताटं वाढलेले. पोराच्या बापानं एवढंच म्हटलं का वरणात मीठ जरा कमी हाय. एवढंच! अन् तुमी काय म्हटलं? ‘तुमच्या घरी मीठ तरी हाय का? का पोरी पाहाच्या नावानं गावोगाव जेवत हिंडता?’ माणूस भरल्या ताटावरून उठला. हात धुवालेबी थांबला नाही. कोकिळा दाराआड तुपाची वाटी घेऊन उभी होती. तिनं ती वाटी तशीच चुलीपाशी नेऊन ठेवली अन् दोन दिवस जेवली नाही. रडलीबी नाही. तिसऱ्या दिवशी तुमी तांड्यावर गेले. मले वाटलं, गाय इकत घ्याले गेले आसन.

मौन! पारावर लोकाहिनं हार घातला तुमाले. कीर्तनाले पहिल्या रांगेत बसवते, म्हणते, भगवानरावानं मोठी साधना केली. चार महिन्याची साधना! म्या बावीस वर्षं केली — या घरात पाऊल टाकलं तवापासून. मले कोण्या महाराजानं नव्हती देल्ली, तुमीच देल्ली. मले कोणी हार घातला? तोंड उघडलं का तुमचं ठरलेलं, ‘तुले काय समजते?’ रोज रोज आयकून मंग मलेबी वाटे, खरंच, काय समजते आपल्याले? अन् आता पाहा. तुमी गप बसले, तं कोणाले तरी बोलणं भागच होतं. बाया म्याच बोलावल्या. गड्यासंगं म्याच बोलली. कापसाची बंडी सरकी काढाच्या जिनात गेली तवा संगं मी गेली. तिथला मापाडी म्हणे, ‘बाई, आवाज मोठा खणखणीत हाय तुमचा!’ म्या घरी येऊन — जाऊ द्या. काही नाही. आता हासान. म्या घरी येऊन बैलाच्या कोठ्यात एकटीनं बोलून पाह्यलं, खरंच हाय का म्हणून. खरंच हाय.

अन् जमनाबाई! औंदा ती आली, दहा जणी घेऊन आली. म्हणे, इंदूबाई, तुया वावरात औंदा गाणे म्हणाले जीव होते. काम तं असं केलं तिनं का वेचल्या ओळीत एक बोंड मागं राह्यलं नाही. पंधरा दिवसांखाली मले म्हणे, नाल्याकाठच्या सात ओळी राह्यल्या तेवढ्या, घंटा-दोन घंट्यात काढून देतो. म्या म्हटलं, राहू दे वं —

काय? असं काय पाहता? कायच्या सात ओळी? काही नाही, बोंडं पुरे फुटले नाही म्हणून —

बरं. नका पाहू असं. फुटले हाय. कवाचे फुटले, कापूस लोंबून राह्यला. म्याच ठेवला. शेवटला वेचा झाला का मौन सुटते, अन् मौन सुटलं का तुमी लोहाऱ्याच्या पाव्हण्याहिले काय म्हणसान त्याचा नेम नाही. पोरीचं एकडाव मोडलं. दुसऱ्यांदा मोडलं तं गाव बापाले नाव ठेवत नाही, पोरीले ठेवते. म्हणून म्हटलं, पाव्हणे येऊन जाऊ दे, मंग वेचू. एवढंच.

एवढंच नाही. आता निंगालंच तोंडातून तं सारं आयका. पाव्हण्याचा निरोप आला चार दिवसांखाली. ओळी ठेवून झाले पंधरा. तवा कोण्या पाव्हण्याचं नावबी नव्हतं. मले — मले अजून थोडं बोलाचं होतं या घरात. झालं? साऱ्या जल्माचं नाही म्हणत मी, चार-आठ दिवस अजून. हे असे तुमचे महाराज! सारं दिसते म्हणे त्याहिले. अन् शिष्याच्या बायकोनं त्याहिचा नेम सात ओळी लांबवला, त्याचा पत्ता नाही. जा, सांगा तांड्यावर जाऊन. सांगसान कसे पण, मौन हाय ना!

थांबा — पण तुमी तं बैलं पाणी पाजाले रोज त्याच नाल्यावर नेता. वाटच त्या ओळीच्या आंगावरून जाते. पांढराफेक कापूस, आंधळ्यालेबी दिसन. तुमाले दिसला नाही?

मान हालवली तुमी. म्हंजे दिसला.

पंधरा दिवस पाहून राह्यले तुमी. शेतकऱ्याचा माणूस, पिकलेला कापूस मातीत गळून राह्यला — अन् एखाद्या सकाळी कमरेले ओटी बांधली असती तं दोन घंट्यात मोकळे झाले असते. मले इचाराचीबी गरज नव्हती. त्या महाराजानं तं तुमाले असं काही सांगतलं नव्हतं. मंग काहून नाही वेचला तुमी? काहून —

नाही. नका सांगू. खुणेनंबी नका सांगू, तेवढं समजते मले. आता नाही आयकाचं मले.

घुंगरं वाजले पाहा. बंडी आली. कोकिळे, पदर घे वं डोक्यावर, पाण्याचा गडवा भर! अन् तुमी उभे काय राह्यले माह्याकडे पाहत? समोर जा, हात जोडा, बसवा त्याहिले सतरंजीवर. बोलाचं मी पाहून घेईन, दाराआडून का होईना. जा म्हटलं ना. जा.