कवळी आणि शिट्टी

दाताच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या कारकुनाला शेजारच्या आजोबा-नातीचं बोलणं ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"आजोबा, कवळी बसली की शिट्टी वाजेल ना?"

"वाजेल म्हणजे? दोन बोटं तोंडात घातली की अख्खं मैदान गोळा व्हायचं!"

"दात गेल्यापासून नुसतं फुस्स होतं. परवा सरावाला मला कळलंच नाही, पळायचं कधी ते."

"आणि घरी आजीला सांगितलंस, म्हातारा पंक्चर झाला!"

"झालातच! उद्याच्या शर्यतीला तुमची शिट्टी नाही वाजली, तर सर भोंगा आणणारेत."

"भोंगा? चाळीस वर्षं माझ्या शिट्टीवर शर्यती सुटल्या, आणि आता भोंगा?"

"हिरड्यांतून रक्त यायचं, तेव्हाच डॉक्टरांना दाखवायचं होतं."

"तू आईवर गेलीस हो अगदी!"

"कवळीवाले आजोबा, आत या," डॉक्टरांनी आतून हाक मारली.

नात बाहेरच थांबली आणि आजोबांमागे दार लागलं. कारकून गाल विसरून दाराकडे सरकला.

"आजोबा, बोटं काढा! आधी चावून बघा!" आतून डॉक्टर ओरडले.

फुस्स.

"डॉक्टर, वरची जरा नीट दाबा हो."

पुन्हा फुस्स.

नात नखं खाऊ लागली.

मग अशी शिट्टी आली, की खिडकीच्या काचा थरथरल्या. कारकुनाने दचकून वळून पाहिलं. नातीच्या चपला खुर्चीखालीच होत्या आणि खिडकीतून दिसलं, ती जिना उतरून रस्त्यावर पळत सुटली होती.