दोन रिकाम्या जागा

सुहासचं गुंतवणुकीवरचं भाषण तुम्ही ऐकलं असेलच. पण पुलाउ उबीन बेटावरची गोष्ट तो स्वतः कधीच सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

लेकीच्या शिक्षणासाठी हा दर महिन्याला मुंबईच्या बाजारात पैसे टाकायचा. कधी चुकला नाही. आम्ही राहतो सिंगापूरला. एकदा इथे सणाची सुट्टी होती, मुंबईत नव्हती, म्हणून तो, त्याची बायको मीनल आणि मी बोटीने त्या जवळच्या बेटावर सायकली चालवायला गेलो. दुपारी त्याच्या भावाचा फोन आला, बाजार कोसळलाय.

"लॅपटॉप घरी आहे. चला, आत्ताच्या आत्ता जाऊन सगळं विकतो," म्हणत सुहास धक्क्यावर धावला.

परतीची बोट बारा माणसं झाल्याशिवाय सुटत नाही. दोन कमी होती. बोटवाले अंकल म्हणाले, "त्या दोघांचं भाडं तुम्ही द्या, लगेच निघू."

"रिकाम्या जागांचे पैसे मी का देऊ?"

"अरे, तिकडे लाखो बुडतायत ना तुझे?" मी म्हणालो.

"मग हेही बुडवू?"

आणि बसला बाकावर. माणसं जमून आम्ही घरी पोचेपर्यंत मुंबईचा बाजार बंद झाला. सकाळपर्यंत याचं डोकं ठिकाणावर आलं आणि विकायचं राहिलंच.

परवा लेकीची कॉलेजची फी त्याच पैशांतून भरली. त्या आनंदात घरी जेवण होतं. ऑफिसातल्या नव्या मुलीने विचारलं, "बाजार पडला तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. शांत बसून राहिलो," सुहास म्हणाला.

मीनल पोळी वाढत म्हणाली, "शांत नव्हता. पण बसला होता, हे खरं."