खांबातली बाई

(मालवणजवळच्या गावातलं देऊळ. सभामंडपात रंगारी सत्यवान, आणि देवस्थान समितीचे म्हातारे अध्यक्ष आबा.)

आबा : खरवडतंस कित्याक, सत्यवान? तुका सोनेरी रंग मारूक बोलावलंय. आठ दिवसांर जत्रा आसा.

सत्यवान : जुनो रंग सुटलो आसा, आबांनू. त्याच्यारच मारलो तर पावसात पापुद्रे येतले.

आबा : येवंदेत. जत्रेक झळाळलो म्हणजे झाला.

सत्यवान : ह्या खांबार रंगाचे सात हात निघाले. आणि त्याच्या खाली लांबीचो लगदो थापलेलो. बाकीच्या खांबांक लांबी नाय.

आबा : भोक पडला होता, ता बुजवला.

सत्यवान : भोक नाय. बाईमाणूस आसा. बघा, देवांच्या रांगेत, डोक्यार माशांची पाटी. पाटयेतल्या बांगड्याचो डोळोसुद्धा कोरलेलो.

आबा : परत बुजव.

सत्यवान : मी बुजवूचंय नाय.

आबा : मगे दुसरो रंगारी हाडतंय.

सत्यवान : हाडा. लांबसून सगळे खांब झगझगतले. हात फिरवल्यार बोटांक काय लागाचा नाय. माझ्या आज्यान, गंगाराम सुतारान, तीन वर्सां कोरल्यान ता.

आबा : तुझ्या आज्याक देव कोरूक सांगितलेले. कोळीण नाय.

सत्यवान : काम लांबला म्हणून गावान त्याचो शिधा बंद केलो तेव्हा एकटी आनंदीबाय रोज मासे घेऊन येय, असा तो सांगी. ही तीच ना? तुमची आवस?

आबा : (खांबाजवळ येत) होय, तीच माझी आई.

सत्यवान : आबांनू, लांबी कोणी भरली?

आबा : मीच. नवो अध्यक्ष झाललंय. लोक हसत, 'अध्यक्षाची आवस देवांच्या पंगतीत मासे विकता.'

सत्यवान : ती तेव्हा होती?

आबा : होती. थंय पायरेर बसान बघत होती.

सत्यवान : काय बोलली?

आबा : म्हणाली, 'नीट भर रे, झिला. नायतर मी परत दिसतलंय.' मगे मरासर ह्या देवळाची पायरी चढाक नाय.

सत्यवान : (पुन्हा खरवडू लागतो.)

आबा : तोंड मोकळा झाला तिचा?

सत्यवान : तोंड झाला, पाटी झाली. पाय अजून रंगाखाली आसत.

आबा : सर जरा. तो पॉलिशपेपर हय दी. पाय मी काढतंय.